आत्याबाईच्या ताब्यातला फोन

आमच्या भिंगरीच्या उजव्या अंगठ्याबद्दल मी जे सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि त्याला माझा इलाज नाही. खोटं मी शक्यतो जेवण झाल्यावर सांगतो, आणि आत्ता माझं जेवण व्हायचंय. तर तो अंगठा. वर्षभर फोनची काच वर सरकवून सरकवून त्याला असलं बळ आलं होतं, की शेजारच्या सायकलवाल्याचा गंजलेला नट पान्याला दाद देईना तेव्हा तो आमच्या दारात येऊन म्हणाला, "भिंगरे, जरा अंगठा दे." तिनं फोनवरची नजर न हलवता अंगठा पुढे केला. नट सुटला. तिनं पुढचा व्हिडिओ लावला. पाना मात्र पुढे बरेच दिवस तोंड पाडून होता.

भिंगरी म्हणजे माझ्या भाच्याची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता ती एका जागी अशी ठरायची, की तिच्या पाठीमागच्या भिंतीचा रंग तेवढाच ताजा राहिला होता. भाचा कुलूपवाला. दुकान खाली, घर वर, आणि जिना वळतो तिथल्या खोलीत मी. त्यामुळे दुकानातली भांडणं मला खालून मिळतात आणि घरातली वरून. मला रेडिओ घ्यावा लागला नाही.

त्या वर्षी विज्ञानाच्या मॅडमनी तिच्या वर्गाला प्रकल्प दिला होता: आपल्या गल्लीची झोप. दहा घरी जायचं, कोण किती झोपतं, कधी झोपतं, कशानं जाग येते ते विचारायचं आणि नीट लिहून, शेवटी आपलं निरीक्षण मांडून द्यायचं. विचारायचं काम पोरगी वाऱ्यासारखी करून आली. बोलायला तिला कधी ढकलावं लागलं नाही. बेकरीवाली काकू, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, शिंपी, रखवालदार, जुळ्यांची आई, सगळ्यांचं बोलणं तिनं फोनमध्ये भरून घेतलं. एका दुपारीत काम फत्ते. आता काय, फक्त ऐकायचं आणि लिहायचं.

त्या 'फक्त'ला अख्खं सत्र पुरलं नाही.

मी स्वतः पाहिलंय ना! शाळेतून यायची, हात-पाय धुवायची, टेबल पुसायची, कोरे कागद मांडायची, पेन्सिलीला टोक काढायची. एवढी तयारी की वाटावं आता ही पोरगी जगातली सगळी झोप लिहून काढणार. मग पहिलं घर ऐकायला फोन उघडायची. वर मैत्रिणीचा निरोप. "तू लिहिलंस का?" ही म्हणायची, "नाही, तू?" ती म्हणायची, "मी पण नाही गं." मग तिसरी यायची, चौथी यायची. न लिहिणाऱ्यांचा त्यांनी एक ग्रुपच काढला होता, नाव 'आज नक्की'. त्या ग्रुपवर मुली आपापल्या पुसलेल्या टेबलांचे फोटो टाकायच्या. कुणाचं टेबल जास्त छान यावर चर्चा व्हायची. मग कुणीतरी 'अभ्यासाची टाळाटाळ कशी थांबवावी' असा व्हिडिओ पाठवायचं. भिंगरी तो पूर्ण पाहायची. तो संपला की त्याच माणसाचा दुसरा. टाळाटाळ थांबवण्याचं शास्त्र त्या मुलीला इतकं पाठ झालं होतं, की त्यावर तिनं व्याख्यानं दिली असती. पण व्याख्यान लिहून काढावं लागलं असतं.

"काय गं, झालं का पहिलं घर?" मी जिन्यातून विचारायचो.

"आजोबा, आत्ताच बसलेय हो! तुम्ही मध्ये बोललात की लिंक तुटते."

लिंक तुटते म्हणे. मी जिन्यात बसून एक लांबलचक जांभई दिली, तरी ती लिंक काही जुळताना दिसली नाही.

तिची आई, आमची सूनबाई, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर परक्यांची नजर ताळ्यावर आणायची आणि घरी यावं तर पोरीची नजर त्या काचेत बुडालेली. आल्याबरोबर पिशवी खाली ठेवायच्या आधी तिचा पहिला प्रश्न असायचा, "लिहिलं?" आणि उत्तर यायचं, "लिहितेच आहे."

"कुठे लिहितेयस? कागद तर माझ्या घासलेल्या काचेसारखा कोरा आहे!"

"आई, मी डोक्यात लिहितेय."

"मग डोकंच नेऊन दे मॅडमना. इथे तसंही ते वापरात नाही."

मी हसलो तर सूनबाई माझ्यावर घसरली. "मामा, तुम्ही हसू नका. तुमच्या हसण्यानं ती शेफारलीय." मी शेफारण्याचं खापर निमूटपणे डोक्यावर घेतलं. घरात वडीलधारं माणूस असतं कशाला!

आता भाच्याचं सांगतो. त्याच्या घराण्यात कुलपाचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा आणि त्यातला एक नियम देवाच्या वर: कुलूप उघडायचं, तोडायचं नाही. गिऱ्हाईक किल्ली हरवून रडत आलं, घाईनं मेटाकुटीला आलं, तरी करवत लावायची नाही. तार, वाकड्या टोकाचा आकडा, कान आणि धीर यांनीच उघडायचं. ज्यानं तोडलं त्यानं धंदा सोडावा. माझ्या मेहुण्यानं, म्हणजे भाच्याच्या बापानं, एकदा वऱ्हाड दारात उभं असताना नवऱ्याच्या कपड्यांची ट्रंक उघडायला इतका धीर धरला, की म्हणतात ट्रंक उघडली तेव्हा नवऱ्याला ते कपडे आखूड व्हायला लागले होते.

तर अशा घरात, पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर बापाला दुसरं काय सुचणार? त्यानं फोन कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. संध्याकाळी फोन भिंगरीच्या हातात. पोरगी कुलूपवाल्याची, दात यायच्या आधी तिनं स्प्रिंगा चघळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन पात्यांचं कुलूप घातलं. तिनं केसांच्या पिनेनं उघडलं. मग त्यानं उलट्या फिरणाऱ्या किल्लीचं बनवलं. ते उघडायला तिला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात तीन घरांची झोप लिहून झाली असती. भाचा वरून ओरडायचा आणि खाली येऊन माझ्या कानात कुजबुजायचा, "मामा, पाहिलंत? उलटी किल्ली! पिनेनं! माझ्या बापाला जमलं नसतं!"

"अरे शहाण्या, तिला प्रकल्प लिहायचाय."

"हो हो, ते आहेच. पण पिनेनं, मामा!"

आणि तो नवीन कुलूप घडवायला बसायचा. खाली गिऱ्हाइकांची कामं तशीच पडून. कुणाचं तिजोरीचं दार, कुणाची शाळेची कपाटं. "उद्या देतो," असं तो सगळ्यांना सांगायचा. वर ती म्हणायची उद्या, खाली हा म्हणायचा उद्या. आमच्या घरात आज राहायला कुणी जागाच ठेवली नव्हती.

मग एका शुक्रवारी शाळेतून सूनबाईच्या फोनवर निरोप आला. सोमवारी शेवटच्या तासाच्या आत प्रकल्प जमा करून मॅडमची सही घेतली नाही, तर भिंगरीला वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. पालकांनी सोबत यावं.

सूनबाईनं तो निरोप मोठ्यानं वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज फाटला. "वर्ष जाईल तुझं. कळतंय का? मैत्रिणी पुढे जातील आणि तू इथे बस, टेबल पुसत!"

भिंगरी पांढरीफटक पडली. त्या दिवशी तिनं खरंच घाबरून फोन बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, "ठेवा हा कुठेतरी. असा ठेवा की मला मिळणारच नाही."

भाच्याला एवढंच हवं होतं. दुकानात मागच्या बाजूला एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीला लावायचं त्याचं लाडकं कुलूप होतं. ते घडवायला त्याचं वर्ष गेलं होतं. आम्ही त्याला आत्याबाई म्हणायचो, कारण भाच्याची थोरली आत्या एकदा तोंड मिटून बसली की नवरा, सासू, डॉक्टर, कुणाच्या बापाला ते उघडता यायचं नाही. आत्याबाईच्या पोटात पात्यांमागे पाती होती. चुकीची तार गेली की आतली खिट्टी खाली पडायची आणि मग खरी किल्लीसुद्धा फिरायची नाही. फोन आत गेला, झाकण पडलं, आत्याबाईनं तोंड मिटलं. "आता लिही," भाचा म्हणाला. "आता तुला ब्रह्मदेव आला तरी फोन देणार नाही."

शनिवारी दुपारी भाचा एका गिऱ्हाइकाकडे, सूनबाई कामावर. मी दुकानात राखणीला म्हणून बसलो होतो आणि माझा डोळा लागला होता. राखणदार झोपला नाही तर चोराला कळणार कसं की दुकानात काही नेण्यासारखं नाही? मला जाग आली ती 'टक्' अशा आवाजानं. बारीकसा आवाज, पण कुलूपवाल्याच्या घरात त्या आवाजाला बॉम्बची किंमत असते. डोळे उघडून पाहतो तर भिंगरी पेटीपुढे उकिडवी बसलेली. हातात आकडा. म्हणजे अर्धा आकडा. उरलेला अर्धा आत्याबाईच्या तोंडात.

"हे काय केलंस?"

"आजोबा, ओरडू नका. बाबांना सांगू नका."

"त्याला सांगायला कशाला हवं! तो दारातून आत आला की वासानं ओळखेल."

आणि तसंच झालं. भाचा आला, हातातली पिशवी टाकली, गुडघ्यांवर बसला, किल्ली घातली. किल्ली निम्म्यावर अडली. त्यानं कान लावला. आतून फोन घूं घूं करत होता, पेटी थरथरत होती. 'आज नक्की' जोरात चालू असणार. भाचा काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा मी तांब्या-भांडं घेऊन दूर जाऊन बसतो.

तोवर सूनबाई आली. सगळं पाहून म्हणाली, "बरं झालं! राहू दे आतच. आता तरी लिहील."

तेव्हा भिंगरी रडायला लागली. "मी काय लिहू? सगळ्यांचं बोलणं त्यातच आहे."

पेटी म्हणाली, घूं.

"सगळं?" सूनबाई म्हणाली.

"दहाच्या दहा घरं. कागदावर काहीच नाही."

"मग काल फोन देताना बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर म्हणाला असतात बहाणे करते!" मग तिनं नाक पुसलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू? पेटी बंद झाली ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता लिहिताच येणार नाही. आता माझी चूक नाही."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय, त्यातलं बरंचसं मीच सांगितलेलं. पण एवढं सरळ कुणी बोललेलं मला आठवत नाही. सूनबाई मटकन खुर्चीवर बसली.

"मग उघडायला का गेलीस?" भाच्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ग्रुपवर सांगायला."

"काय सांगायला?"

"की माझा फोन पेटीत आहे म्हणून."

भाच्यानं कपाळावर हात मारला. आवाज आत्याबाईच्या 'टक्'पेक्षा मोठा होता.

रविवारी सकाळी भाचा भिंग लावून, तारा, चिमटे, तेलाची कुपी मांडून पेटीपुढे बसला. तुकडा दिसत होता, चिमट्यात येत होता, आणि निसटून आणखी आत जात होता. अशी ती आत्याबाई. सूनबाई जिन्यात उभी. "तोडा ते."

"तोडायचं नाही."

"करवत आणा, कडी कापा, मोकळे व्हा."

"आमच्या घराण्यात कुणी कुलूप तोडलेलं नाही!"

"तुमच्या घराण्यात कुणी नापासही झालेलं नाही. दोन्हीपैकी काय आधी करायचंय ते ठरवा!"

"थांब गं जरा. एक उपाय आहे. असल्या अडकलेल्या तुकड्यासाठी कुणीतरी काहीतरी दाखवलेलं असेलच." आणि या तीन पिढ्यांच्या कुलूपवाल्यानं खिशातून आपला फोन काढला आणि 'कुलपात तुटलेला आकडा कसा काढावा' असं त्याला विचारलं.

पहिला व्हिडिओ कुलपाचाच होता, ते मी पाहिलं. दुसराही. तिसऱ्यात एक माणूस गंजलेली कुऱ्हाड घासून आरशासारखी करत होता. "कानस बघा मामा, कशी धरलीय," भाचा म्हणाला. मीही वाकून पाहिलं. खरंच छान धरली होती. मग विहिरीत पडलेलं हत्तीचं पिल्लू बाहेर काढलं. मग एका माणसानं अख्खं घर जमिनीखाली खणून बांधलं, पोहायच्या तलावासकट. चहा झाला, गार झाला. मी दोनदा म्हणालो, "अरे, तुकडा," आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, "हे एक बघतो आणि उठतो." त्या भुयारी घरात माणसं राहायला गेली, त्यांना मुलं झाली, ती शाळेत जायला लागली, तरी आमचा कुलूपवाला पेटीशेजारी मान खाली घालून बसलेला. चिमटा मांडीवर. तेलाची कुपी कलंडून त्याच्या लेंग्यावर रिकामी झाली, ते त्याला कळलं नाही.

भिंगरी जिन्यावरून खाली आली आणि समोर उभी राहिली. बापानं वर पाहिलं नाही. ती त्याच्या अंगठ्याकडे पाहत होती. वर सरके, थांबे, वर सरके. आधी तिला हसू आलं. मग ते गेलं.

"बाबा."

"हं, उठलोच."

"बाबा, मी अशीच दिसते का?"

भाच्यानं मान वर केली. बिचारा! कुणी चोरी करताना पकडावं तसा. तो काही बोलायच्या आत ती वर धावली, टेबलावरचे कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन आली आणि तिनं चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" सूनबाई वरून.

"परत विचारायला."

मी काठी घेतली. म्हटलं, एवढी मोठी गल्ली, सोबत हवी कुणीतरी. खरं कारण असं की घरात आता जे भांडण होणार होतं ते मला सूनबाईची जिना उतरायची चाल बघून कळत होतं, आणि बाहेरचं मात्र अजून ऐकायचं होतं.

बेकरीवाल्या काकूनं आम्हाला पाहून भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं. "परत? अगं, त्या दिवशी तासभर बोलले ना मी?"

"ते पेटीत आहे," भिंगरी म्हणाली.

"कसल्या पेटीत?"

आणि तिला सगळं सांगावं लागलं. काकू हसली तर पावाच्या ओळी हलल्या. हसून झाल्यावर तिनं झोप सांगितली: भट्टी पेटायच्या आधी उठते, दुपारी पिठाच्या पोत्यावर पडते, आणि कशानं जाग येते तर करपल्याच्या वासानं, स्वप्नात वास आला तरी. भिंगरी भराभर लिहीत होती. तिला लिहायची सवय उरली नव्हती. अक्षरं अशी आडवी-तिडवी की वाटावं तीच झोपलीयत.

शिंप्याकडेही तेच. "परत?" "पेटीत आहे." "कसल्या पेटीत?" जुळ्यांच्या आईनं दार उघडल्या उघडल्या तोंडावर बोट ठेवलं, आम्ही तिघं कुजबुजत बोललो, तरी एक उठलं आणि त्यानं दुसऱ्याला उठवलं, आणि त्या माउलीनं आमच्याकडे असं पाहिलं की मी काठीच्या आड लपायचा प्रयत्न केला. रखवालदार म्हणाला, "मी झोपतच नाही. त्या दिवशीही हेच सांगितलं." गालावर उशीचा वळ होता. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर रात्रपाळी करून आडवा झालेला, बायको म्हणाली, "दहा रात्रींनी डोळा लागलाय त्यांचा, तुझ्या झोपेसाठी त्यांची नाही मोडायची." दोन घरांना कुलपं. पुढच्या एका दारात एका आजोबांनी सरळ सुनावलं, "त्या दिवशी फोन तोंडापुढे धरलास, मी जीव तोडून बोललो. जपून ठेवता येत नसेल तर विचारता कशाला?" दार बंद झालं.

भिंगरी त्या बंद दारासमोर उभी राहिली. कान लालबुंद. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली आणि पायरी उतरली. मी एरवी अशा वेळी काहीतरी गंमत करतो. जिभेवर आली होतीही. मी ती गिळली, आणि ती पचायला जड गेली.

ऊन कलायला लागलं तेव्हा सहा घरं कागदावर होती. चार नव्हती. घरी आलो तर दुकानाच्या उंबऱ्यावर लोखंडाचा चुरा पडलेला. आत भाचा स्टुलावर बसला होता. मांडीवर आत्याबाई, कडी कापलेली. करवत बाजूला. बाजूला उभ्या सूनबाईचे डोळेही ओले होते.

"घे," भाच्यानं फोन पुढे केला. आवाज असा की एखाद्यानं घरातलं माणूस स्मशानात पोचवून यावं.

भिंगरीनं कापलेली कडी पाहिली. तिला नियम माहीत होता. तिनं फोन हातात घेतला, आणि तो तत्क्षणी उजळला. निरोपांवर निरोप. तिचा अंगठा उठला, मी पाहिला. हवेत थांबला. सायकलवाल्याचा नट सोडवताना त्याला एवढा जोर लागला नव्हता.

"आई, तू धर," ती म्हणाली. "मला देऊ नकोस. फक्त राहिलेली चार घरं लाव, मी ऐकते आणि लिहिते."

सूनबाईनं फोन तापलेल्या तव्यासारखा दोन बोटांत धरला. वर येणारे निरोप दिसू नयेत म्हणून वरच्या अर्ध्या काचेवर तळवा ठेवला. ड्रायव्हर बोलायला लागला की मध्येच टिंग, भिंगरीची मान वर, सूनबाईचं "खाली बघ!", आणि परत पहिल्यापासून. बंद दारवाल्या आजोबांचं बोलणं तर तिनं सगळं ऐकलं. खरंच जीव तोडून बोलले होते. बायको गेल्यापासून पलंगाच्या एकाच बाजूला झोपतात, दुसऱ्या बाजूला कूस वळली की जाग येते. भिंगरीनं ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. मग आपलं निरीक्षण लिहायला बसली. मला, भाच्याला, कुणालाच बघू दिलं नाही. खोडत होती, चिडत होती, कागद चुरगळत होती, पण बसली होती. दिवे लागायच्या सुमाराला म्हणाली, "झालं." आणि टेबलावरच डोकं टेकलं.

सोमवारी पालक म्हणून मी गेलो. भाचा म्हणाला, "मला तोंड दाखवायला लाज वाटते," आणि सूनबाईला चष्म्याच्या दुकानानं सोडलं नाही.

मॅडमच्या खोलीबाहेर 'आज नक्की'मधल्या सगळ्या रांगेत. हातात कागद, बोटांना शाई, डोळे सुजलेले. आमचा नंबर आला. मॅडम टेबलामागे, समोर प्रकल्पांचा डोंगर, त्यावर टेकवलेला फोन. "एक मिनिट हं," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. ते मिनिट मी कधी विसरणार नाही. त्या मिनिटात शाळेच्या आवारातल्या झाडाची पानं गळाली, नवी आली, माझी दाढी छातीपर्यंत पोचली. मॅडमचा अंगठा वर सरके, थांबे, वर सरके.

मग त्यांनी हात लांब केला, कागद घेतले, शेवटचं पान उघडलं, सही केली, डोंगरावर ठेवले. "छान. पुढची."

"मॅडम," भिंगरी म्हणाली, "वाचणार ना?"

"वाचेन गं, सवडीनं. तुझं काम झालं ना? बसशील परीक्षेला. पुढची!"

आम्ही बाहेर आलो. व्हरांडा ओलांडला, पायऱ्या उतरलो. काम झालं होतं, वर्ष वाचलं होतं, मला वाटलं पोरगी उड्या मारील. फाटकात स्फोट झाला.

"वाचलंसुद्धा नाही, आजोबा! पहिलं पानही उघडलं नाही! बाबांनी आत्याबाई कापली. त्या आजोबांनी पलंगाचं सांगितलं, ते मी कसं लिहिलं ते तुम्हाला तरी माहितेय का? आणि छान म्हणे! काय छान?"

"अगं, असतं असं. ढीगभर आहेत त्यांच्यापुढे."

"असू देत. मी सांगणार त्यांना. वाचेपर्यंत समोर उभी राहणार." तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. "उद्या येते आणि..."

ती थांबली. तोंड अर्धवट उघडं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू तो शब्द मीच तिच्या तोंडात घातला होता.

"तुम्ही बसा इथे," ती म्हणाली आणि वळली.

मी फाटकाजवळच्या बाकावर बसलो. ती पायऱ्या चढून गेली, आणि थोड्या वेळानं वरून मॅडमचा वैतागलेला आवाज आला, "आता काय राहिलं?" उत्तर मला ऐकू आलं नाही. मग बराच वेळ काहीच आलं नाही. शाळा सुटली, मुली गेल्या, शिपाई खोल्या बंद करत करत त्या दाराशी आला, आत डोकावला आणि किल्ल्यांचा जुडगा परत खिशात टाकून भिंतीला टेकून उभा राहिला. मला भूक लागली होती, गुडघे दुखत होते. पण मी म्हटलं, वाचू देत.